घरातलं कोण येत नाही?

सकाळी अकराच्या सुमाराला पुण्यातल्या बऱ्याच उद्यानांचं फाटक बंद होतं आणि दुपारी चारच्या पुढे उघडतं. मधल्या वेळात झाडलोट होते, पाणी घातलं जातं, हे कारण खोटं नाही. पण नेमक्या याच वेळात चार घरची धुणीभांडी उरकलेल्या बाईला पुढच्या कामाआधी अर्धा तास टेकायचं असतं. पार्सल पोचवणाऱ्या मुलाला डबा खायला सावली हवी असते. बालवाडीतून सुटलेलं नातवंड आजोबांचं बोट धरून फाटकासमोरूनच घरी जात असतं. आणि उद्यानाची पाहणी होते ती सकाळी सात वाजता, आत फेऱ्या मारणाऱ्यांना थांबवून. ‘उद्यानाच्या वेळा सोयीच्या आहेत का?’ शंभरातले नव्वद जण मनापासून ‘हो’ म्हणतात. ज्यांना सोयीच्या आहेत तेच तर आत आलेले असतात.

उद्यानं, मैदानं, विरंगुळा केंद्रं यांबद्दल लोकांचं म्हणणं गोळा करण्यातली मोठी अडचण या कुलपाशी सुरू होते. म्हणून प्रश्नावलीत एकच प्रश्न ठेवायची मुभा असेल, तर मी ‘काय हवं?’ हा ठेवणार नाही. ‘तुमच्या घरातलं कोण इथे येत नाही, आणि का?’ हा ठेवीन. उत्तरं थक्क करणारी येतात. सून येत नाही, कारण बाथरूमला कुलूप असतं. आई येत नाही, कारण फाटकातली पायरी उंच आहे. चौदा वर्षांची मुलगी येत नाही, कारण ‘तिथे सगळी मुलंच असतात’. मोठा मुलगा येत नाही, कारण चेंडू आणला की रखवालदार हाकलतो. एका माणसाला विचारून चार न आलेल्या माणसांची माहिती मिळते, आणि ती देताना सांगणाऱ्याला संकोच वाटत नाही, कारण तो स्वतःबद्दल तक्रार करत नसतो.

‘काय हवं?’ या प्रश्नाचा दोष असा की माणूस त्याने पाहिलेलंच मागतो. शेजारच्या प्रभागात ओपन जिम झाली की इथे ओपन जिम. तिथे कारंजं लागलं की इथे कारंजं. शहरभर त्याच रंगाची तीच यंत्रं दिसतात त्याला ठेकेदार जेवढे कारण आहेत, तेवढाच हा प्रश्नही आहे. मागणारा चुकत नाही, त्याला कल्पनेतून उत्तर द्यायला लावलं जातं. त्याऐवजी घडून गेलेल्या गोष्टींबद्दल विचारावं. गेल्या सात दिवसांत किती वेळा आलात? किती वाजता? आल्यावर आधी कुठे गेलात? किती वेळ थांबलात? कशामुळे उठलात? काय करायचं मनात होतं आणि राहून गेलं? एवढं पाच मिनिटांत होतं, आणि पाच मिनिटांच्या वर कुणाला थांबवू नये.

यातला ‘कशामुळे उठलात?’ हा प्रश्न साधा दिसतो, पण खरी माहिती त्यातूनच निघते. साठीच्या पुढची बाई म्हणते, बाक हवेत. आपण बघतो तर बाक ढीगभर आहेत. मग ती दाखवते. बाक म्हणजे दोन खांबांवर टाकलेली ग्रॅनाइटची फरशी. पाठ नाही, हात नाहीत. बसलं की दहा मिनिटांत कंबर भरते, आणि उठताना दाबायला काही नसल्यामुळे शेजारणीचा हात लागतो. एकटी आली तर उठणार कशी, म्हणून ती बसतच नाही. उन्हाळ्यात संध्याकाळी पाचलाही फरशी तापलेली असते. आता ‘बाकांची मागणी : २७ नागरिक’ असं तक्त्यात लिहिलं तर आणखी सत्तावीस तसेच बाक येतील. ‘पाठ आणि हात असलेला, साधारण ४५ सेंटिमीटर उंचीचा, लाकडी पट्ट्यांचा किंवा फायबरचा बाक, पश्चिमेकडून सावली असेल अशा जागी’ असं लिहिलं तर काम बदलतं. उत्तर नोंदवताना माणसाचे शब्द जसेच्या तसे लिहायचे, आणि शक्य तर त्या वस्तूपर्यंत त्याच्याबरोबर चालत जायचं.

पाणलोटाच्या कामात शिवारफेरी असते. आराखडा करण्याआधी गावकरी, सरपंच, अधिकारी मिळून शिवार चालतात, नाला कुठे फुटतो ते जागेवर बघतात. उद्यानाची तशीच फेरी काढावी. आठ-दहा माणसं पुरेत, त्यात माळी, रखवालदार, एक आजी, एक शाळकरी मुलगी आणि एक लहान मूल कडेवर असलेली आई हवी. एकदा दिवसा आणि एकदा दिवे लागल्यावर, कारण दिवसाचं आणि रात्रीचं अशी उद्यानं दोन असतात. दिवसाची फेरी नळ, बाक, खेळणी दाखवते. रात्रीची फेरी दाखवते की हायमास्टचा उजेड झाडाच्या शेंड्यावर पडतोय आणि खालची पायवाट काळोखात आहे. हातात उद्यानाचा साधा नकाशा असावा. उद्यान विभागाकडे असला तर उत्तम, नाहीतर पावलांनी मोजून काढलेला चालतो. त्यावर प्रत्येक दिवा, नळ, बाक, फाटक यांना क्रमांक द्यावा. पुढे ‘मागच्या बाजूचा दिवा’ असं लिहिलेली तक्रार वायरमनला कळत नाही, ‘दिवा क्रमांक १४’ कळतो.

माळ्याला विसरू नये असं मुद्दाम म्हणतो, कारण हमखास विसरतात. पाण्याचा टँकर कोणत्या दिवशी येत नाही, कुठल्या कोपऱ्यात रात्री बाटल्या फुटतात, कोणतं खेळणं महिन्यातून दोनदा वेल्डिंगला जातं, हे त्याच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं. मात्र मुकादम किंवा साहेब शेजारी उभे असताना तो बोलणार नाही. बरेच माळी आता ठेकेदाराकडे कामाला असतात, एका बोलण्यावर नोकरी जाऊ शकते. त्याचं म्हणणं वेगळ्या वेळी ऐकावं आणि अहवालात त्याच्या नावावर घालू नये.

विचारण्याच्या आधी मोजावं. लोक खोटं बोलतात म्हणून मोजायचं नसतं. आपण किती वेळा कुठे जातो याचा अंदाज कुणालाच नीट सांगता येत नाही, आणि जे विचारायला सापडत नाहीत त्यांची नोंद मोजणीतच होते. यासाठी अमेरिकेत थॉमस मॅकेन्झी, डेबोरा कोहेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मांडलेली सोपार्क नावाची पद्धत जगभर वापरतात, आणि ती कागद-पेन्सिलीवर होते. उद्यानाचे सहा-आठ भाग करायचे : खेळण्यांची जागा, हिरवळ, जिम, ट्रॅक, फाटकाजवळचा कट्टा. प्रत्येक भागासमोर उभं राहून डावीकडून उजवीकडे एकदाच नजर फिरवायची आणि त्या क्षणी दिसतील तेवढी माणसं टिपायची. मूल, किशोर, प्रौढ, ज्येष्ठ असे चार गट, त्यांत स्त्री-पुरुष वेगळे, आणि ते बसलेत, चालतायत की घाम गाळून खेळतायत. नजर मागे वळवून सुटलेला माणूस पकडायचा नाही. कोण आत आलं, कोण गेलं याचा पाठलाग करायचा नाही. दिवसातून चार वेळा, म्हणजे सकाळी सात, अकरा, दुपारी साडेचार, संध्याकाळी साडेसात. कामाचे दोन दिवस, शिवाय शनिवार आणि रविवार.

चुका ठरलेल्या आहेत. ट्रॅकवर फेऱ्या मारणारा माणूस प्रत्येक भागात पुन्हा मोजला जातो आणि आकडा फुगतो, म्हणून ट्रॅक हा वेगळा भाग धरून तिथे एकदाच नजर टाकावी. शाळांच्या परीक्षा, गणपती, सलग पावसाचे दिवस यांत मोजू नये, मोजलंच तर तसं लिहावं. किशोर आणि प्रौढ यांतला फरक दोन मोजणारे वेगळा करतात, म्हणून पहिली फेरी दोघांनी एकत्र काढून आकडे ताडून बघावेत. आणि फाटक बंद असतं त्या अकराच्या फेरीत आतल्या रकान्यात शून्य लिहायचंच, पण त्याच कागदावर बाहेर पदपथावर, रिक्षाथांब्यावर, झाडाच्या पारावर बसलेल्यांचा रकानाही भरायचा. चार दिवसांच्या मोजणीनंतर हा एक कागद अधिकाऱ्यापुढे ठेवला की वेळेबद्दलची चर्चा दहा मिनिटांत पुढे सरकते. शंभर सह्यांच्या निवेदनाने ती वर्षभर सरकत नाही.

मग प्रश्न येतो, किती जणांना विचारायचं. एका प्रभागातल्या मध्यम उद्यानासाठी सव्वाशे ते दीडशे माणसं ठीक. पण त्यातली निम्मी फाटकाबाहेरची हवीत, दहा मिनिटांच्या चालण्याच्या टप्प्यात राहणारी किंवा काम करणारी. अंगणवाडीत मूल सोडायला आलेल्या आया, वस्तीतल्या नळावर, सोसायटीच्या फाटकाशी बसलेले वॉचमन, शाळा सुटताना, रेशनच्या रांगेत. रांगेतली माणसं बोलायला मोकळी असतात, त्यांना दुसरं काही करायचं नसतं. शेवटच्या वीस जणांकडून नवं काही निघालं नाही तर थांबावं. एका भागातून काहीच आलं नसेल तर आकडा पुरा झाला म्हणून थांबू नये.

क्यूआर कोडचा फलक लावून काम भागत नाही. तो लावावा, त्याला माझी हरकत नाही. पण एका मोठ्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर दुवा फिरला की एका रात्रीत दोनशे उत्तरं येतात, आणि वस्तीतली पंधरा उत्तरं त्यात बुडून जातात. म्हणून कुठून आलं ते लिहिलेली खूण प्रत्येक उत्तरावर हवी : फाटकात, वस्तीत, शाळेत, ऑनलाइन. मोजताना हे गठ्ठे एकत्र करू नयेत, शेजारी ठेवावेत. बहुमत काढलं की ज्येष्ठ नागरिक संघ नेहमी जिंकतो. त्यांचं म्हणणं रास्तच असतं. पण सकाळी सात वाजता तेच तिथे असतात, त्यांच्याकडे वेळ असतो आणि त्यांना बोलायची सवय असते.

मुलांना मोठ्यांसमोर विचारू नये, शिक्षकांसमोर तर नाहीच. त्यांच्या हातात मोठा नकाशा आणि दोन रंगांच्या टिकल्या द्याव्यात, आवडत्या जागी हिरवी, नकोशा जागी लाल. मग लाल टिकल्यांच्या जागी त्यांच्याबरोबर जाऊन उभं राहावं. घसरगुंडीवर लाल टिकल्यांचा गुच्छ दिसला की मोठ्यांना नवल वाटतं. कारण एवढंच असतं की पत्र्याची घसरगुंडी पश्चिमेकडे तोंड करून बसवलेली असते, आणि उद्यान उघडतं चारला. मार्च ते मे त्या वेळी पत्र्यावर मांडी टेकवत नाही. तिचं तोंड उत्तरेकडे फिरवलं आणि पश्चिमेला एक करंज लावला तर नवी घसरगुंडी घ्यावी लागत नाही. झोपाळ्याखाली पेव्हर ब्लॉक असल्याचंही मुलंच सांगतात, गुडघे दाखवून. तिथे कमीत कमी ३० सेंटिमीटर खोल वाळू हवी, आणि ती पायांनी बाजूला सरकते म्हणून दर आठवड्याला पुन्हा ओढावी लागते. हे ओढणं कुणाच्या कामात लिहिलेलं नसतं, मग दोन महिन्यांत खड्डा होतो आणि पावसाळ्यात त्याचं डबकं.

मुलींना वेगळं विचारावं, आणि बाईने विचारावं. व्हिएन्ना शहरात १९९०च्या दशकात पाहणी झाली तेव्हा आढळलं की साधारण नऊ-दहा वर्षांच्या पुढे मुलींचं बागेत येणं झपाट्याने कमी होतं, मुलांचं तसं होत नाही. मधलं एकच मोठं मैदान मुलांनी धरलेलं असतं, आणि जागेसाठी भांडण्याऐवजी मुली निघून जातात. तिथल्या पाचव्या जिल्ह्यातल्या दोन बागांची मांडणी १९९९ पासून बदलण्यात आली. पायवाटा वाढवल्या, एका मोठ्या मोकळ्या जागेचे लहान भाग केले, बसायच्या निरनिराळ्या जागा आणि फुटबॉलखेरीज इतर खेळांना वाव दिला, तेव्हा मुली परत दिसू लागल्या. आपल्याकडे मैदानाला उंच जाळी आणि एकच दार असतं. त्या दाराशी सात-आठ मुलं टेकलेली असली की बॅडमिंटनची रॅकेट घेऊन आलेल्या दोघी वळून जातात. यात कुणी कुणाला काही बोललेलं नसतं, म्हणून तक्रारवहीत त्याची ओळही नसते. मोजणीच्या कागदावर मात्र ‘किशोर, स्त्री’ हा रकाना चारही दिवस कोरा राहतो.

तसंच फाटकाचं. दुचाकी आत घुसू नये म्हणून लोखंडी चक्री किंवा नागमोडी कठडा बसवतात. चाकाच्या खुर्चीला ९० सेंटिमीटर मोकळी रुंदी लागते आणि उताराला एकास बारा हे प्रमाण, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांब उतार. चक्रीत यातलं काहीच बसत नाही. बाबागाडीही नाही, आणि वॉकर घेतलेले आजोबाही नाहीत. हे कळायला पाहणीची गरज नाही, एक चाकाची खुर्ची फाटकापर्यंत ढकलत न्यावी.

उत्तरं हातात आली की त्यांचे ढीग लावणं हे जोखमीचं काम. माझ्या मते इथेच जास्त प्रयत्न वाया जातात, कारण सगळं एका निवेदनात जातं. पाहिलं तर निम्म्याहून जास्त उत्तरं देखभालीची असतात : कुलूपबंद स्वच्छतागृह, गळका नळ, तुटका बोल्ट, न कापलेली फांदी. त्यांना नवा पैसा लागत नाही, ती आधीच कुणाच्या तरी ठेक्यात लिहिलेली असतात. किती कामगार, किती वेळा झाडलोट, स्वच्छतागृह किती वेळा धुवायचं, हे ठेक्याच्या अटींत असतं. ती प्रत माहितीच्या अधिकारात मिळते. दहा रुपयांचं शुल्क, महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे एका अर्जात एकच विषय आणि दीडशे शब्दांची मर्यादा, उत्तराला तीस दिवस. अटी हातात असल्या की मागणी करावी लागत नाही, अट क्रमांक दाखवावा लागतो. दुसरा ढीग छोट्या दुरुस्त्यांचा, जो क्षेत्रीय कार्यालयातल्या कनिष्ठ अभियंत्याच्या पातळीवर सुटू शकतो. तिसरा, नव्या कामांचा, अंदाजपत्रकात जातो. तिन्हींचं टेबल वेगळं, मुदत वेगळी. देखभालीची तक्रार अंदाजपत्रकाच्या अर्जात घातली की ती ‘बसत नाही’ म्हणून बाद होते, आणि अर्जदाराला वाटतं आपलं कुणी ऐकत नाही.

पुणे महापालिकेने अंदाजपत्रकात नागरिकांचा सहभाग २००६ साली सुरू केला. ब्राझीलमधल्या पोर्तो अलेग्रे शहरात १९८९ पासून चाललेल्या प्रयोगाचं हे आपल्याकडचं रूप. पावसाळ्याच्या उत्तरार्धात अर्ज मागवले जातात, क्षेत्रीय कार्यालयात किंवा ऑनलाइन. एका कामाला पाच लाखांची मर्यादा राहिली आहे. छाननी कार्यालयात होते, मग प्रभाग समितीपुढे जाऊन कामं पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात येतात. अर्ज बाद होण्याची कारणं तीच ती. जागा महापालिकेच्या ताब्यात नसते. ठिकाण ‘मुख्य रस्त्याजवळ’ एवढंच लिहिलेलं असतं. खर्च मर्यादेबाहेर जातो. अशा वेळी कामाचे अर्थपूर्ण भाग करावेत. यंदा स्वच्छतागृहाची दुरुस्ती आणि उतार, पुढच्या वर्षी दिवे. अर्जासोबत नकाशावरचा क्रमांक, मोजमाप, दोन फोटो आणि मोजणीचा कागद जोडला तर अभियंत्याला इस्टिमेट करणं सोपं जातं, आणि सोपं काम आधी होतं. अर्जाची पोच, शिक्का आणि तारखेसह, जपून ठेवावी. मार्च २०२२ मध्ये पुण्यासह अनेक महापालिकांची मुदत संपून कारभार प्रशासकांकडे गेला, तेव्हा ज्यांच्याकडे कागद होते त्यांनाच पाठपुरावा करता आला. नगरसेवकाच्या तोंडी शब्दावर विसंबलेल्यांच्या हाती काही उरलं नव्हतं.

उद्यानं, बगिचे, क्रीडांगणं पुरवणं हे ७४व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीतलं बारावं काम आहे, नगरपालिकांकडे सोपवायचं. तेव्हा महापालिकेने मत विचारलं म्हणजे मेहेरबानी केली, असं मानायचं कारण नाही.

विकास आराखड्यावरच्या, म्हणजे शहरातली कोणती जागा कशासाठी राखायची हे ठरवणाऱ्या नकाशावरच्या, हरकती-सूचना हा याच कामाचा वेगळा, कोरडा भाग. तिथे भावना चालत नाहीत. मुंबईच्या २०३४ पर्यंतच्या आराखड्याचा पहिला मसुदा २०१५ साली आला तेव्हा साठ हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये शासनाने तो नव्याने करायला लावला. संख्येचा धाक असतो हे खरं, पण सुनावणीत टिकते ती एकेक नेमकी हरकत : सर्वेक्षण क्रमांक किंवा सिटी सर्व्हे क्रमांक, आरक्षणाचा क्रमांक, आज जागेवर काय आहे, बदल काय सुचवलाय आणि काय ठेवावं. यात एक बारीक गोष्ट लोकांच्या नजरेतून सुटते. आरक्षण ‘उद्यान’ आहे की ‘खेळाचं मैदान’? कागदावर दोन्ही हिरवीच. पण मैदानाच्या जागेवर हिरवळ, कारंजं आणि ‘गवतावर चालू नये’ची पाटी आली की त्या भागातली मुलं रस्त्यावर खेळायला जातात, आणि नकाशात मोकळी जागा एक इंचही कमी झालेली दिसत नाही.

मुंबईत मोकळ्या जागा देखभालीसाठी संस्थांना दत्तक देण्याचं धोरण महापालिकेने जानेवारी २०१६ मध्ये मंजूर केलं आणि विरोध झाल्यावर मुख्यमंत्र्यांनी त्याला स्थगिती दिली. २०२३ मध्ये नवा मसुदा सूचनांसाठी खुला झाला. अशा मसुद्यावर लिहिताना ‘विरोध आहे’ एवढ्यावर थांबू नये. फाटक किती तास उघडं राहील, शुल्क असेल का, क्लब किंवा अकादमीला किती टक्के जागा आणि कोणत्या वेळी, नियम मोडला तर जागा किती दिवसांत परत घेणार, हे चार मुद्दे मागावेत. पुढची सगळी भांडणं यातूनच उठतात.

मर्यादित पैशात काय आधी करायचं हे ठरवायला चिंचोक्यांइतकं चांगलं साधन मी पाहिलेलं नाही. प्रत्येकाला दहा चिंचोके. समोर सहा डबे, प्रत्येकावर चित्र आणि अंदाजे खर्च : स्वच्छतागृह दुरुस्ती, बाक, दिवे, खेळण्यांखाली वाळू, दुपारी फाटक उघडं ठेवायला एक जादा रखवालदार, ओपन जिम. सगळे एकाच डब्यात टाका किंवा वाटून टाका. लिहिता-वाचता न येणारी आजी आणि इंजिनिअर जावई दोघांना सारखं वजन मिळतं. खर्च लिहिलेला असल्यामुळे माणूस थबकतो, हातातले चिंचोके मोजतो, एक काढून दुसरीकडे टाकतो. त्या थबकण्याच्या वेळी शेजारी उभं राहून ‘का बदललंत?’ विचारावं. मुलांचे, बायकांचे, पुरुषांचे चिंचोके वेगवेगळ्या रंगांनी रंगवून घ्यावेत. डबा पारदर्शक नको, आधी भरलेला डबा बघून लोक त्यातच टाकतात.

बैठक घ्यायचीच असेल तर नव्वद मिनिटांची, उद्यानातच, संध्याकाळी सहाला. रविवारी सकाळी सभागृहात घेतली की घरी स्वयंपाक असलेल्या बायका येत नाहीत. हारतुरे आणि प्रास्ताविक पूर्ण वगळावं, नाहीतर पहिली चाळीस मिनिटं जातात आणि बोलायला आलेली माणसं उठून जातात. माइक ठेवू नये. सात-आठ जणांचे गोल करावेत, प्रत्येक गोलात एक लिहिणारा, जो स्वतः मत देणार नाही. लोकप्रतिनिधींना शेवटची वीस मिनिटं बोलवावं, ऐकायला आणि उत्तर द्यायला. वाद होणारच. क्रिकेट आणि रांगती पोरं, कुत्रा फिरवणारे आणि कुत्र्याला भिणारे, हास्यक्लबचा आवाज आणि समोरच्या इमारतीतलं आजारी माणूस. यातले बरेच जागेचे नसून वेळेचे असतात, आणि वेळापत्रकाने सुटतात. कट्ट्यावर बसणाऱ्या जोडप्यांबद्दल मात्र सावध राहावं. ‘गैरप्रकार’ या एका शब्दाखाली झुडपं छाटली जातात, बाक उखडले जातात, फाटकं लवकर बंद होतात, आणि त्याचा फटका सगळ्यांना बसतो. घडलं काय, कुठे, किती वाजता, असं विचारलं की बऱ्याचदा निघतं ते एवढंच, की दोन तरुण माणसं शेजारी बसली होती. खरोखर छेडछाड होत असेल तर तीही याच प्रश्नांतून नेमकी कळते. तिथे दिवा आणि रखवालदार लागतो.

शेवटी परत जायचं. पाहणी करून गेलेले लोक परत आलेच नाहीत, हा अनुभव वस्त्यांमध्ये इतका जुना आहे की पुढच्या पाहणीला दारं उघडत नाहीत. दोन महिन्यांच्या आत फाटकावर दोन फूट बाय तीन फुटांचा फलक लावावा, मोठ्या अक्षरात, चार रकान्यांचा : तुम्ही काय सांगितलंत, काय होणार, कधीपर्यंत, आणि काय होणार नाही व का. चौथा रकाना गाळायचा मोह होतो. तो गाळू नये. ‘कारंजं होणार नाही, कारण उद्यानाला आठवड्यातून तीन दिवसच पाणी मिळतं’ असं लिहिलेलं लोक वाचतात, मान्यही करतात. फलकावर तारीख बदलण्यासाठी जागा कोरी ठेवावी आणि खरंच बदलावी. जिथे लोक वाचू शकत नाहीत तिथे, नळावर आणि रांगेत, तोंडी जाऊन सांगावं.

वर्षाने पुन्हा मोजावं. त्याच महिन्यात, त्याच चार वेळांना, त्याच भागांसमोर उभं राहून, शक्य तर त्याच माणसांनी. पहिल्या वर्षीचे कागद आकड्यांची बेरीज करून फेकून देऊ नयेत. बेरजेत सकाळचे फिरणारे वाढलेले दिसतील आणि समाधान होईल. अकराच्या फेरीचा कागद वेगळा काढावा, आधी फाटकाबाहेरचा रकाना बघावा, मग आतला.